उघडी सीडी

१

थोरलीने एकदा नवस केला होता. चोवीस वर्षांपूर्वी, एका हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यात, भर दुपारी. हात जोडायचेही सुचले नव्हते. दोन्ही हातांनी कठडा गच्च धरलेला होता. धाकट्या बहिणीला बरं कर, असं मागायची वेळ निघून गेली होती. डॉक्टरांनी ते दोन दिवसांपूर्वीच, चष्मा पुसत पुसत, सांगून टाकलं होतं. मग मागण्याजोगं जे उरलं होतं तेच तिने मागितलं. "देवा, निदान तिचा आवाज तरी माझ्याकडे राहू दे. रोज तो अथपासून इतिपर्यंत ऐकल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही."

मागणं मान्य झालं. आवाज राहिला.

तो राहिला एका सीडीवर. आजारपण नुकतं कळलं होतं तेव्हा धाकटी महिनाभर थोरलीकडे राहायला होती. थोरलीच्या नवऱ्याने मोठ्या हौसेने एक सीडी प्लेअर आणला होता. तो नुसती सीडी वाजवायचा नाही, तर कोऱ्या सीडीवर आवाजही भरायचा. त्याच्यासमोर माइक धरून धाकटी चौदा मिनिटं वीस सेकंद बोलली. त्या मशीनची एक अट होती. सगळं भरून झालं की शेवटचं एक बटण दाबायचं; मग सीडी बंद होते आणि कुठल्याही प्लेअरवर वाजते. बटण दाबलं नाही तर ती उघडी राहते. तिच्यात आणखी भरता येतं, पण वाजते ती फक्त त्याच एका मशीनवर.

"शेवटचं बटण दाबू नका हं, भावोजी," धाकटी म्हणाली होती. "अजून पुष्कळ बोलायचंय मला. दम लागला म्हणून थांबते."

मग हॉस्पिटल आलं, आणि बटण दाबायचं राहिलं ते राहिलंच. पुढे कुणाचा हात होईना. तिचं बोलणं संपलं, असं आपणच ठरवून टाकल्यासारखं वाटे.

तेव्हापासून रोज सकाळी अंघोळ, दिवा, प्रार्थना, आणि मग सीडी. "ताई, खाल्लंस का काही?" इथून आवाज सुरू व्हायचा. थोरली रोज उत्तर द्यायची, "आता खाते गं." पुढे धाकटी आपल्या दोन वर्षांच्या लेकीसाठी बोलायची: तिचे केस कसे विंचरायचे, ती रुसली तर काय करायचं, भावोजींचं घोरणं ऐकून ती कशी घाबरते. मध्येच हसायची, मध्येच खोकायची. तेवढ्या वेळात थोरलीचं झाडांना पाणी घालून व्हायचं, भांडी पुसून व्हायची. आवाज थांबला की तिचा पहिला घास.

एका सोमवारी "ताई"च्या आधी एक बारीकसा आवाज आला. बराच वेळ मिटलेले, सुकून चिकटलेले ओठ एकमेकांपासून सुटावेत, तसा.

भांडं पुसता पुसता थोरलीचा हात थांबला. चोवीस वर्षांत तो आवाज तिथे नव्हता.

२

मंगळवारी सीडी अडकली.

"ताई, खा... खा... खा... खा..."

नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं. "ऐक बाई तिचं. सरळ खा म्हणतेय."

"थट्टा नको हं."

तिने सीडी काढली, मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली, परत घातली. मशीन गरगरलं, खरखरलं, आणि पुन्हा तेच. प्रत्येक "खा"च्या शेपटाला काहीतरी ओलं लागलेलं होतं, तोंडात लाळ साचलेलं माणूस बोलतं तसं. तिला ते ऐकवेना. तिने बंद केलं.

त्या दिवशी ती पाण्यावर राहिली.

"अगं, नवस म्हणजे काय कोर्टाचा हुकूम आहे का?" जेवायच्या टेबलावर नवरा म्हणाला. "तुझ्या देवाला सांग की मशीन गॅरंटीत नाही. समजून घेईल तो."

"तो घेईल समजून. मला नको का समजायला? चोवीस वर्षांत ताप आला, पाय मोडला, तरी खंड पडला नाही."

"आणि शनिवारी चिऊ येईल तेव्हा तू आडवी पडलेली दिसशील. मावशीला काय झालं म्हणून विचारलं, तर सांगतो, मशीनची लेन्स खराब झाली."

चिऊ म्हणजे धाकटीची लेक. आई गेल्यावर वडिलांनी तिला दुसऱ्या गावी नेलं, दुसरं लग्न केलं. सुटीत ती मावशीकडे यायची, पण सकाळी सीडी लागायच्या वेळी चपला घालून बाहेर पडायची. "मला नाही ऐकायचं. बोलते आणि परत येत नाही, असा कसला आवाज?" एवढंच एकदा म्हणाली होती. आता तिला सहावा महिना लागला होता. नवऱ्याबरोबर ती फार लांब, समुद्रापलीकडे निघाली होती. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "मावशी, शनिवारी येते. आईचा आवाज ऐकायचाय मला. जमलं तर बरोबर न्यायचाय."

फोन ठेवून थोरली देवासमोर रडली होती, आनंदाने. आणि आता तो आवाज एका "खा"वर अडकून लाळ गाळत होता.

३

बुधवारी रेडिओवाले नाना आले. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर गेले, तरी नानांचं दुकान आणि नानांचं हे नाव टिकून होतं.

"वहिनी, अशी मशीनं आता बघायलाही मिळत नाहीत," मशीनचं झाकण उघडता उघडता ते म्हणाले. "माझ्या आणि त्याच्या वयात फार फरक नसेल. दोघांचेही सांधे..." आणि ते बोलायचे थांबले.

वास आधी आला. फडकं बांधून विसरलेल्या मासळीसारखा. थोरलीने नाकाला रुमाल लावला.

"घाबरू नका. हे बघा, हे डबीसारखे दिसतात ना, ते कपॅसिटर. म्हातारे झाले की फुटतात, आतलं पाणी बाहेर येतं. त्याला असाच वास मारतो."

मग त्यांनी चिमट्याने ट्रे सरकवणारा रबरी पट्टा धरला. तो पट्टा राहिलाच नव्हता. वितळून काळा चिकटा झाला होता. चिमटा वर उचलला तशी त्याची लांब तार निघाली, तुटेना, आणि नानांच्या मनगटाला चिकटली. त्यांनी पुसली, तर ती पसरली. लेन्सच्या रुळांवरचं वंगण पिवळं, दाट झालं होतं. त्यात एका झुरळाचा पंख, दोन पाय आणि काही पांढरे केस रुतलेले होते.

"शी!" थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

"रबर आहे हो. रबर म्हातारं झालं की असंच होतं. आपण तरी काय वेगळे?"

नानांनी सगळं निपटून काढलं. पट्टा बदलला, दोन कपॅसिटर बदलले, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने लेन्स पुसली. ती लेन्स निळसर मण्यासारखी होती, मसुराच्या दाण्याएवढी. थोरलीने स्वतः वाकून पाहिलं. आत पत्रा होता, तारा होत्या, एक मोटर होती. दुसरं काही नव्हतं. हे तिने नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं.

"उद्या सकाळी ऐका," नाना म्हणाले. "घंटेसारखी वाजेल."

४

गुरुवारी खरंच घंटेसारखी वाजली.

"ताई, खाल्लंस का काही?" स्वच्छ, खणखणीत. थोरलीचे डोळे भरून आले. झाडांना पाणी घालून झालं, भांडी पुसून झाली. "अजून पुष्कळ बोलायचंय मला. दम लागला म्हणून थांबते," हे शेवटचं वाक्यही आलं. ती घासासाठी ताटाकडे वळली.

सीडी थांबली नव्हती.

मशीनच्या काचेवर हिरवे आकडे पुढे चालले होते. चौदा एकवीस. चौदा बावीस. आवाज होता तो असा: जीभ टाळूला चिकटते आणि सुटते. पुन्हा चिकटते, पुन्हा सुटते. मग घशात काहीतरी अडलेलं गिळायचा प्रयत्न, आणि ते न गिळलं जाणं. चौदा सव्वीसला सीडी थांबली.

"नाना म्हणतात की आकडा चुकू शकतो," नवऱ्याने फोन करून विचारून सांगितलं. "उघडी सीडी आहे. पट्टा बसवताना चुकून रेकॉर्डिंगला लागली असेल. आपलंच कुणाचं तरी खाणंपिणं भरलं असेल त्यात."

"माइक कुठाय पण? तो चिऊने लहानपणी बादलीत बुडवला ना?"

"मग मशीनचाच काहीतरी आवाज. अगं, सीडी वाजली, नवस पुरा झाला, आता दोन घास खा."

तिने सीडी काढायला बटण दाबलं. ट्रे बाहेर आला. सीडी उचलली, तर ती सहज उचलली गेली नाही. तिच्या खालच्या अंगाला आणि ट्रेला जोडणारा एक धागा निघाला, पारदर्शक, मध्ये एक बुडबुडा असलेला. तो ताणला गेला, बारीक झाला आणि तुटून तिच्या अंगठ्यावर पडला. कोमट होता.

वंगण, तिने स्वतःला सांगितलं. नानांनी नवीन वंगण लावलं असेल. मशीन चालून गरम होतं, म्हणून कोमट.

मग तिने अंगठा नाकाजवळ नेला. नको न्यायला हवा होता. मासळीचा वास नव्हता तो. गोडसर, आंबूस, खाली थोडं ग्लिसरीन. हा वास तिला पाठ होता.

ताटातला घास तिने तोंडात घातला आणि तो तिथेच फिरत राहिला. जिभेवरून पलीकडे जाईना. शेवटी तिने तो रुमालात काढून टाकला.

५

धाकटीच्या तोंडात शेवटी शेवटी सगळीकडे फोड आले होते. ओठ फुटलेले, हिरड्या सुजलेल्या, जिभेवर पांढरा जाड थर. नर्सने दाखवलं होतं: काडीच्या टोकाला कापूस, ग्लिसरीनमध्ये बुडवायचा, आणि दर दोन तासांनी हिरड्या, टाळू, जीभ हळुवार पुसायची. पुसलं की धाकटीला दोन शब्द बोलता यायचे, दोन चमचे पाणी जायचं. थोरलीने आठ दिवस पुसलं. लोक म्हणायचे, बहीण असावी तर अशी.

नवव्या दिवशी दुपारी धाकटीने डोळे उघडले, थोरलीकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. बोलता येत नव्हतं, म्हणून नुसतं उघडून धरलं. आतून वास आला. टाळूवरून काहीतरी सुटून जिभेवर लोंबत होतं. थोरलीने मान फिरवली.

पुढचं ती कधी कुणाला बोलली नव्हती. नवऱ्याला नाही, देवालासुद्धा नाही. ती खोलीतून बाहेर पडली होती, आणि मागच्या जिन्यात जाऊन कठडा धरून तिने नवस केला होता. परत आली तेव्हा धाकटी गेलेली होती. तोंड तसंच उघडं होतं.

शुक्रवारी सकाळी तिने नवऱ्याचे जुने हेडफोन कानाला लावले. सगळं ऐकलं. चौदा वीस झाले. मग ती जीभ, ते गिळणं. आवाज पूर्ण वाढवला, तशी त्याच्यामागे एक खोली ऐकू आली. नळ ठिबकत होता. लोखंडी चाकांची गाडी लांबून गेली. आणि अगदी जवळून एक बाई, घाईघाईने, श्वास रोखून बोलल्यासारखी म्हणाली:

"नंतर करते हं, नंतर."

पुढे चपलांचा आवाज. दूर, दूर. चौदा सव्वीस.

तिने हेडफोन नवऱ्याच्या डोक्यावर चढवले. त्याने ऐकलं, भुवया उंचावल्या.

"हा तर तुझाच आवाज."

"हो."

"मग त्यात एवढं काय? नळ दुरुस्त करायला माणूस बोलव म्हटलं की हेच तर म्हणतेस. नंतर करते, नंतर करते. कधीतरी भरलं गेलं असेल." मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि थट्टा तिथेच टाकली. "काय झालं गं? अशी पांढरी का पडलीस?"

"हा आवाज या घरातला नाही," एवढंच ती म्हणाली. हे मशीन कधी या घराबाहेर गेलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

६

दुपारी नाना पुन्हा आले. ट्रे अर्ध्यावर अडकला होता.

"पट्टा नवीन आहे, थोडा आखडतो," असं म्हणत त्यांनी दोन बोटं फटीतून आत घातली, चाचपायला. पहिल्यांदा चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग कपाळाला आठी पडली. मग त्यांनी बोटं बाहेर काढली. पटकन नाही, फार सावकाश, कुत्र्याच्या जबड्यातून काढतात तशी.

बोटं ओली होती. त्यांनी ती पँटला पुसली. पुन्हा पुसली. मग खिशातून रुमाल काढून एकेक बोट पुसलं, आणि रुमाल परत खिशात घातला नाही.

"नाना, काय आहे आत?"

"वंगण."

"झाकण उघडून बघा ना."

"आज स्क्रू-ड्रायव्हर आणला नाही, वहिनी." तो त्यांच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होता. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

ते उठले, पायात चपला घातल्या आणि दाराशी जाऊन, मशीनकडे न बघता बोलले. "वहिनी, शेवटचं बटण दाबून टाका. सीडी बंद करा. मग ती शेजाऱ्यांच्या प्लेअरवरही वाजेल, तिची नक्कलही काढता येईल, तुमची पोरगी घेऊन जाईल. हे मशीन नको घरात. पण एक सांगतो. बंद व्हायला चार मिनिटं लागतात. तेवढ्यात लेन्स अडखळली तर सीडी गेली. इथेही वाजणार नाही आणि कुठेच नाही. म्हणून आधी आतून नीट पुसून घ्या."

"तुम्ही नाही पुसणार?"

नानांनी आपल्या दोन बोटांकडे पाहिलं. "मला नाही हो जमायचं," ते म्हणाले, आणि चहाला न थांबता गेले.

७

शनिवारी सकाळी नवरा चिऊला आणायला स्टेशनवर गेला. थोरलीने अंघोळ केली, दिवा लावला. प्रार्थनेत काय म्हणावं ते सुचेना, म्हणून नुसती बसली. मग औषधांच्या कपाटातून कापूस, काड्या आणि ग्लिसरीनची बाटली काढली. स्पिरिटची बाटली तिथेच होती. तिला तिने हात लावला नाही. फोडांना ते झोंबलं असतं, असं तिच्या मनात आलं, आणि मग आपल्या मनात काय आलं ते तिच्या लक्षात आलं.

खोलीत ऊन होतं. रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. तिने ट्रेचं बटण दाबलं. ट्रे पूर्ण बाहेर आला आणि थांबला. फटीतून ऊब आली, नाकाला लागली. तोच वास.

तिने बॅटरी लावून आत पाहिलं. निळसर मणी दिसला. त्याच्यामागे पत्रा असायला हवा होता, बुधवारी तिने स्वतः पाहिलेला. पत्रा नव्हता. ओलं होतं. गुलाबी, घड्या पडलेलं, वर दुधावरच्या सायीसारखा पांढरा थर. उजेड पडला तसं ते आकसलं, आणि मग हळूहळू पुन्हा सैल झालं.

थोरली धावत न्हाणीघरात गेली आणि ओकली. पोटात काही नव्हतंच, नुसतं कडू पाणी. नळ तसाच सोडून ती भिंतीला टेकली. दार समोर होतं. जिना समोर होता. नवरा येईल, चिऊ येईल, सांगता येईल की मशीन बिघडलं, आवाज गेला, देवाची इच्छा. कुणी तिला नाव ठेवलं नसतं. "नंतर करते" हे शब्द अगदी तिच्या दातांपर्यंत आले.

तिने ते गिळले. चूळ भरली. परत आली.

बॅटरी लावली नाही. हाताला सवय होती, चोवीस वर्षांत गेलेली नव्हती. कापूस ग्लिसरीनमध्ये बुडवला, काडी मध्यावर धरली.

"आ कर गं, धाकटे."

पहिली काडी बाहेर आली ती पिवळट चिकट्याने माखून. दुसरीवर एक पापुद्रा लोंबत होता. तिसरी, चौथी. प्रत्येक काडी तिने पेपरावर ठेवली आणि प्रत्येक वेळी उमासा आला. तिने तो दातांखाली धरला. तिच्या मनगटावर आतून वाफ लागत होती, थांबून थांबून, लयीत. सातव्या काडीला काहीतरी मिटलं. काडीवर नाही, तिच्या बोटांवर. मऊ, गरम, बिनदातांचं, आणि घट्ट.

तिने बोटं ओढली नाहीत. कशी नाही ओढली, हे तिला पुढे कधी सांगता आलं नाही. "आहे मी," ती म्हणाली. "कुठे नाही जात." डोळे मिटून ती उभी राहिली. बराच वेळ गेला. खाली गाडी धुणाऱ्याने पाणी बंद केलं. मग पकड सुटली, आणि सुटताना बोटांवरून काहीतरी खरखरीत, हळूच, एकदा फिरलं.

आणखी चार काड्या. शेवटची स्वच्छ आली.

तिने सीडी ठेवली, ट्रे आत गेला. तिने शेवटचं बटण दाबलं. काचेवर आकडे उलटे मोजायला लागले. ती चार मिनिटं मशीन अजिबात खरखरलं नाही. एकदाच, अगदी शेवटी, आत काहीतरी नीट, पूर्ण, सावकाश गिळलं गेलं.

८

शेजाऱ्यांच्या प्लेअरवर सीडी वाजली. चिऊ पोटावर हात ठेवून बसली होती. "ती रुसली ना, की तिला मनवायला जाऊ नका, तिच्या शेजारी जाऊन आपणही रुसून बसा," हे ऐकून ती हसली, आणि मग एवढी रडली की तिचे काका, थोरलीचा नवरा, पाणी आणायला उठले. चौदा वीस झाले. थोरलीने खुर्चीचा हात धरला. पुढच्या सहा सेकंदांत जीभ नव्हती, चपला नव्हत्या. मिटल्या तोंडाने, नाकाने घेतलेला संथ श्वास होता.

"शेवटी झोपली का गं आई?" चिऊने विचारलं.

"हो," थोरली म्हणाली. तिने ताट ओढलं आणि पाच दिवसांनी पोटभर जेवली. नवऱ्याने वाढताना देवाचे, नानांचे आणि रबरी पट्ट्याचे आभार मानले.

गोष्ट इथे थांबायला हरकत नव्हती. पण रविवारी सकाळी थोरली उठली तेव्हा मशीनचा ट्रे बाहेर आलेला होता. त्याची वायर तिने आदल्या दिवशीच काढून गुंडाळून ठेवली होती. ट्रे रिकामा होता, उघडा होता, आणि वाट बघत होता. आवाज आता कुठेही वाजला असता. तोंड मात्र इथेच होतं.

तिने दिवा लावला, कापूस घेतला. अर्धं काम झालं असेल तेव्हा मागून चिऊ म्हणाली, "मावशी, काय करतेयस? आणि हा वास कसला?"

थोरलीने हात बाहेर काढला. चिऊने पेपरावरच्या काड्या पाहिल्या, मावशीच्या मनगटापर्यंत ओला झालेला हात पाहिला. मग फटीकडे पाहिलं. काय दिसलं ते तिने सांगितलं नाही. तिने तोंडावर हात दाबला आणि एक पाऊल मागे सरली. ट्रे किंचित हलला, ती उभी होती त्या बाजूला.

"काका म्हणाले की नाना मशीन न्यायला येणार आहेत," ती म्हणाली.

"नाही देणार मी."

"मावशी..."

"इकडे ये. अगं, मीही अशीच मागे सरले होते. त्यात पाप नाही काही." थोरलीने नवीन काडीला कापूस गुंडाळला, ग्लिसरीनमध्ये बुडवला आणि तिच्यापुढे धरला. तिचा चेहरा शांत होता, जवळजवळ हसरा. "तू लांब निघालीस, ठाऊक आहे मला. जा. सुखाने जा. पण मी थकले म्हणजे हे मशीन घेऊन जा, आणि रोज सकाळी, काही खाण्याआधी, एवढं कर. अशी धर, मध्यावर. किळस येईल, येऊ दे. ओकून यावंसं वाटलं तर ये ओकून. फक्त परत ये. आणि चिऊ, माझी वेळ येईल तेव्हा मला बोलता नाही आलं, मी नुसतं तुझ्याकडे बघून तोंड उघडलं, तर 'नंतर करते' म्हणू नकोस गं."